राईतून न दिलेली वाट

माझ्या चित्रांविषयी अलीकडे जे काही छापून आलं, त्यात एक वाक्य बहुतेक ठिकाणी असतं. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावची देवराई आज उभी आहे ती माझ्या चित्रांमुळे, असं ते वाक्य. माणूस आणि रान यांच्यातला जुना सलोखा मी रंगांत पकडला, असंही कुणीकुणी लिहिलं आहे. लिहिणाऱ्यांचा दोष नाही. विचारायला आलेल्यांना मीच तसं सांगत आलो. पण ते खोटं आहे. त्या राईवर कुऱ्हाड येणारच नव्हती. मागणी होती ती एका पायवाटेची, आणि ती वाट मी बंद केली. त्यातून एका बाईचा जीव गेला. हे सांगायला मी फार वर्षं लावली. आता वय असं आहे की आणखी थांबलो तर ते राहूनच जाईल.

आमचं घर गुरवांचं. राईतल्या देवाची पूजाअर्चा माझ्या काकांकडे होती. देव म्हणजे एक उभी शिळा, पुरुषभर उंच, शेंदराने माखलेली. तिच्यावर ना देऊळ ना छप्पर. भोवती आंबा, बेहडा, शिसव, आणि त्यांना गच्च धरून बसलेल्या गारंबीच्या वेली, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. राईत पायात काही घालायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा गावचा नेम. झाड आडवं पडलं तर ते तिथेच कुजायचं. त्यामुळे बाहेरच्या डोंगरांवरचे, कोळशासाठी झाडं तोडून उघडे केलेले माळ आणि आत ही हिरवी गुहा, असा फरक हाकेच्या अंतरावर दिसायचा.

मी चित्र काढायला तिथेच शिकलो. मुंबईला कलाशाळेत दोन वर्षं काढली, पण हिरवा रंग एक नसतो हे मला शाळेने नाही, राईने शिकवलं. भर दुपारी वेलींच्या खाली तो जवळजवळ काळा असतो आणि शेंड्याला पिवळा. त्या दोहोंच्या मधे कुठेतरी एक रंग होता, जो मला कधीच साधला नाही. त्याच्याच मागे मी पुन्हा पुन्हा जात राहिलो. पुढे कर्जतच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक झालो, दहिवलीला खोली घेतली, तरी रविवार आणि सुट्ट्या राईत जायच्या. झाडाला टेकून बसलो की काही वेळाने शेकरू डोक्यावरून निर्धास्त जायचं. आपण इथले आहोत, आपल्याला या झाडांनी घेतलं आहे, असं तेव्हा मनापासून वाटायचं. ते वाटणं खोटं नव्हतं. पुढे घडलं ते त्याच्याच नावाखाली घडलं, म्हणून तेही नोंदवून ठेवतो.

राईच्या पलीकडे बौद्धवस्ती होती. वस्ती आणि गाव यांच्यामधे ओढा. तो राईच्या खालच्या अंगाने वळून येतो, त्यामुळे राईतून गेलं तर ओढा ओलांडावा लागतच नाही. एरवी ओढ्यात पाऊल बुडेल एवढंच पाणी. पण आषाढ-श्रावणात डोंगरावर पाऊस धरला की वस्ती गावापासून तुटायची. दुकान, शाळा, खोपोलीला जाणारी एसटीची सडक, सगळं अलीकडे. पूर्वी अशा दिवसांत वस्तीची माणसं राईच्या कडेने येत-जात, आणि गाव काही म्हणत नसे, कारण देवाच्या जत्रेला हलगी वाजवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. छप्पन्न सालानंतर त्यांनी धम्म स्वीकारला आणि हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. गावाने तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त पुढच्या पावसाळ्यात राईच्या तोंडाशी बोरीच्या काट्यांचं कुंपण आलं.

वस्तीतला एक जण माझा शाळेतला मित्र. एका बाकावर नाही, पण एका वर्गात. तो मला चितारी म्हणायचा. रेल्वेच्या कामावर रोजंदारी करायचा आणि बोलताना समोरच्याची नजर सोडायचा नाही. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. मी राईच्या पलीकडच्या कडेला बसलो असलो की ती गवताचा भारा खाली टाकून माझ्या मागे उभी राहायची.

"मला काढ की रं ह्यात," एकदा म्हणाली.

"काढतो. बस तिथं."

"पर लुगडं नवं काढ. फाटकं काढशील तर चित्रात घुसून फाडंन."

मी तिला काढली. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, भाऱ्याला टेकून. माथेरानच्या एका हॉटेलवाल्याला ते चित्र फार आवडलं. फक्त म्हणाला, "मास्तर, बाई काढून टाका. लोक इथे माणसं विसरायला येतात." मी त्याच्यासमोरच तिच्यावर हिरवी पानं रंगवली. त्यानंतर माझ्या रानात माणूस आला नाही. पुढे त्याचंच कौतुक झालं.

साठच्या दशकाच्या मध्यावर मित्राने ग्रामपंचायतीत मागणी केली. राईच्या कडेने एक पायवाट द्या, झाड तोडायचं नाही, फक्त काटे काढा आणि वस्तीला जाऊयेऊ द्या. सरपंचांना ना हो म्हणायचं होतं ना नाही. तालुक्याच्या कचेरीत वस्तीची माणसं जाऊन आली होती, नाही म्हटलं तर उद्या विचारणा झाली असती. हो म्हटलं तर गाव बिथरलं असतं. त्यांनी मधला मार्ग काढला.

"मी कोण सांगनार? राई देवाची हाय. देवाला कौल लावू. तो दील तो न्याय."

मित्र उभा राहिला. "सरपंच, आमी तुमच्या देवाला सोडलाय. तरी वाट इचारायची त्यालाच?"

"जागा त्याची हाय ना रं?"

"पावसात वाहून जानारी मानसं कुनाची हायेत, ते बी इचारा मंग त्याला."

लोक हसले. पण कौल ठरला. मित्राने अखेर मान्य केलं. त्याचा हिशेब सरळ होता. दगडाला वैर नसतं, म्हणाला. पाकळी पडेल ती पडेल, निम्मी आशा तरी आहे.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवाच्या छातीवर डावी-उजवीकडे चाफ्याची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि सगळ्यांनी वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलाच्या आधी देवाला नवा शेंदूर चढवायचा असतो. काकांचे हात तेव्हा कापायला लागले होते. ते मला म्हणाले, "तूच चढव. तुझा हात सफाईचा हाय." सुट्टी होती, मी गावातच होतो.

मला वाट नको होती. तेव्हा मी स्वतःला सांगितलं ते असं : आज पायवाट, उद्या बैलगाडी, परवा कोळशाचा ठेकेदार. आजूबाजूचे डोंगर तसेच उघडे झालेले मी पाहिले होते, त्यामुळे ते स्वतःला पटवणं अवघड गेलं नाही. पण खरं कारण त्याच्या खाली होतं. मी त्या वर्षी राईचं एक मोठं चित्र करत होतो आणि मुंबईच्या एका प्रदर्शनाकडे डोळे लावून बसलो होतो. जिथे मी बसायचो, नेमकी तिथूनच वाट गेली असती. सकाळ-संध्याकाळ माणसं, हाका, डोक्यावरचे हंडे. माझी शांतता गेली असती. मी राई म्हणत होतो आणि मनात माझं चित्र होतं.

शेंदूर गोड्या तेलात कालवतात. तो कितीही दिवस ओलसर, निसरडा राहतो. जवसाचं तेल, जे आम्ही रंगात घालतो, ते उकळून शेंदरात कालवलं तर दोन दिवसांत चिकटाईला येतं, बोट लावलं तर बोट सोडत नाही. हे चित्रकाराला माहीत असतं, गुरवाला नसतं. कौलाच्या दोन दिवस आधी मी दोन वाट्या कालवल्या. देवाची उजवी बाजू एका वाटीतून माखली आणि डावी दुसरीतून. रंग दोन्हीकडे तंतोतंत एक दिसेल याची काळजी घेतली. एवढ्या काळजीने मी कुठलंच चित्र रंगवलं नसेल.

कौलाच्या सकाळी सगळं गाव राईत अनवाणी उभं होतं. वस्तीची माणसं काट्यांच्या बाहेर. मित्राला मात्र आत बोलावलं होतं, आणि तो माझ्या शेजारी उभा होता. त्याने पायातल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्या होत्या. काकांनी पाकळ्या पाण्यात बुडवून लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. वर कुठेतरी तांबट पक्षी ठोकल्यासारखा ओरडत होता. मी शिळेकडे बघत नव्हतो, मित्राच्या हाताकडे बघत होतो. त्याने स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं. तेवढ्यात उजवी पाकळी किंचित हलली. वारा होता. तिचं टोक वर उचललं गेलं. ती पडली असती तर बरं झालं असतं, असं मी आज लिहू शकतो. त्या क्षणी मी मनात तिला म्हणत होतो, धर, धरून राहा. तिने धरलं. डावी सरकली, शेंदराची ओली रेघ ओढत खाली आली आणि पडली.

लोकांनी श्वास सोडला. सरपंच हात जोडून म्हणाले, "आता माझ्या हातात काय नाय बाबा."

मित्र माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "दगडाला बी आमचं वावडं व्हय रं, चितारी?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोही ठेवला मी.

पुढच्याच पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, मी रविवारी राईत होतो. देवासमोर काकांनी पावसापुरता ताडपत्रीचा आडोसा केला होता, त्याखाली बसून चित्राचं उरलेलं काम करत होतो. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. ओढ्याचा आवाज राईत आतपर्यंत येत होता, मधूनच दगड गडगडत गेल्याचा. सकाळ सरता सरता वस्तीच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. काट्यांशी गेलो तर पलीकडे मित्र, त्याचे दोन चुलतभाऊ, आणि घोंगडीची झोळी बांबूला बांधून उचललेली. झोळीत मावशी. बांधावर घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा सुजला होता आणि वर घट्ट फडकं बांधलं होतं.

"काटे काढ," मित्र म्हणाला.

मी कुंपणाला हात घालणार तोवर मागून काका आले, आणि त्यांच्या मागे लावणी सोडून धावत आलेली गावची आठ-दहा माणसं. आवाज त्यांनीही ऐकला होता. कुणाकुणाच्या खांद्याला कोयता होता. तो मुद्दाम आणलेला नव्हता, शेतातून तसेच आले होते. पण होता.

"हितनं नाय," काका म्हणाले. "ओढ्यानं ने बाबा. देवानं नाय म्हनलंय."

"काका, मानूस मरतंय."

"म्हनून तर सांगतो. कौल मोडून नेलीस तर वाचंल व्हय ती? उलट गावावर येईल."

काका दुष्ट नव्हते. तेही घाबरले होते, आणि मावशीकडे बघून त्यांचे डोळे भरले होते. त्यांचा विश्वास होता. त्या सगळ्या माणसांत फक्त एकाला ठाऊक होतं की देवाने काहीही म्हटलेलं नाही.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "चितारी, तू सांग. तू शिकलेला हायेस. तू सांग ह्यांना."

एक वाक्य पुरलं असतं. शेंदरात मी तेल बदललं होतं, एवढंच. काका मला मारायला धावले असते, गावाने वाळीत टाकलं असतं, पण त्या गोंधळात झोळी पार झाली असती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून दुसरंच आलं.

"ओढ्याचा आवाज कमी झालाय," मी म्हणालो. "मी सकाळपासून ऐकतोय. पाणी उतरतंय. थोडं थांबलास तर उतार मिळेल."

आवाज कमी झाला नव्हता.

मित्र क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग कोयत्यांकडे. झोळीतून मावशी पुटपुटली, "भांडू नगंस रं, जीव जळतोय माझा." त्याने भावांना मान हलवली. "चला खाली. ह्यो रोज हितं बसतो. पान्याचं ह्याला कळतं."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. काकांवर नाही, देवावर नाही.

ते ओढ्याच्या काठी थांबले. मी अलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिलो. मधे तांबडं पाणी. मित्र खडकावरच्या एका खुणेकडे बोट दाखवून भावांना काही सांगत होता, आणि सगळे त्या खुणेकडे बघत होते. पाणी खुणेच्या खाली जाईना. उलट खूण दिसेनाशी झाली. तेव्हा त्यांनी दोराचं एक टोक माझ्याकडे फेकलं आणि झोळी डोक्याच्या वर धरून तिघे छातीभर पाण्यात शिरले. मधोमध एकाचा पाय सुटला. झोळी कलली, पुन्हा सरळ झाली. मी दोराला झाडाचा वेढा देऊन ओढत होतो, हात सोलेपर्यंत ओढत होतो, आणि लोक नंतर म्हणायचे की मास्तरांनी जिवाचं रान केलं. अलीकडे आल्यावर मी मावशीचं तोंड पुसलं. सडकेवर मालाचा एक ट्रक मिळाला. खोपोली यायच्या आत ती गेली.

चित्र त्याच पावसाळ्यात पूर्ण झालं. त्याला बक्षीस मिळालं, ते दिनदर्शिकेवर छापलं गेलं, आणि ओल्या राईचं ते चित्र लोकांनी घराघरांत लावलं. बघणारे म्हणायचे, बघून मन शांत होतं. मला त्याच्यात ओढ्याचा आवाज ऐकू यायचा. पण मी पुढची चित्रंही तशीच केली, कारण मागणी त्यांनाच होती, आणि खरं म्हणजे मला दुसरं काही येत नव्हतं.

मित्र वर्षभरात मोहोपाड्याला गेला. रसायनीच्या कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागली होती. मग वस्तीतली आणखी काही घरं गेली. आमची भेट क्वचित व्हायची, कर्जत स्टेशनवर, कधी बाजारात. तो पूर्वीसारखाच हाक मारायचा.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तो दहिवलीला माझ्या खोलीवर आला. मुलाचं लग्न ठरलं होतं. पत्रिका दिली, हळदी-कुंकू नाही हां आमच्यात, म्हणून हसला. मी चहा केला. भिंतीवर राईची चित्रं होती, ती त्याने उठून एकेक पाहिली.

"काय पन म्हन चितारी, आयेच्या टायमाला तूच एकटा धड बोललास. बाकीचे कोयते घेऊन उभे. मी पोरांना सांगतो ते."

मी त्याला खूप वर्षं टाळलं होतं. पण तो मुलांना काय सांगतो ते माहीत नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तेल, दोन वाट्या, उजवी बाजू. ओढ्याचा आवाजही सांगितला.

 तो चमचा कपात फिरवत राहिला, साखर केव्हाच विरघळली होती.

"कंचं तेल म्हनलास?"

"जवसाचं."

"आन डाव्या अंगाला?"

"गोडं."

"हं." मग म्हणाला, "पाकळी हलली व्हती. मी बघितली व्हती. वाटलं, पडती आता."

"मीही पाहिली होती."

तो उठला. टेबलावरची लग्नपत्रिका उचलली आणि शर्टाच्या खिशात घातली. दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला सांगून तू मोकळा व्हनार व्हय? ज्यांनी वाट आडवली त्यांना सांग. गावात जाऊन सांग."

मी गेलो. आणखी आठवडाभर धीर होत नव्हता, पण गेलो. काका वारले होते, त्यांचा मुलगा आता पूजा करत होता. सरपंच थकले होते, तरी देवापाशी येऊन बसायचे. आणखी चार-पाच म्हातारे होते. मी देवासमोर उभा राहून सांगितलं. शिव्या मिळतील, अंगावर येतील, अशी तयारी ठेवली होती. कुणी रागावलंच नाही. 

काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, म्हणाला, "आन तुला ही अक्कल कुनी दिली?"

"माझीच."

"तसं नाय. देवाला नाय म्हनायचं व्हतं, म्हनून त्यानं तुझा हात धरला. तेल काय, वारं काय, त्यालाच करायचं असतं तर कसं बी करतो."

सरपंचांनी समाधानाने मान हलवली. "बघा म्हंजी. चितारी गुरवाच्या घरात उगाच जन्माला घातला नाय. मास्तर, मनाला लावून घेऊ नगा. तुमच्या हातनं राई राहिली."

मी ओरडलो. म्हणालो, राईला काही होणार नव्हतं, वाट मागितली होती, बाई मेली. त्यांनी मला पाणी दिलं. एकाने देवाच्या पायाचा शेंदूर बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावला. माझ्या लबाडीला त्यांनी देवाची इच्छा करून टाकलं होतं. कौल पूर्वीपेक्षा पक्का झाला होता, आणि तो पक्का करायला मीच दोनदा हातभार लावला.

हे सांगायला मोहोपाड्याला गेलो. मित्र नुकताच पाळीवरून आला होता, कॉलनीतल्या घराच्या ओट्यावर बनियनवर बसला होता. कारखान्याचा वास त्याच्या केसांतून जात नसे. त्याने मला बसायला सांगितलं नाही, पण सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागला. हसता हसता खोकला आला.

"म्हंजी तुज्या चोरीचं बी त्यांनी देऊळ बांधलं."

"मी आणखी काय करू, सांग."

"करनार?"

"करीन."

"मंग येत्या रविवारी माझ्यासंगं राईतनं चल. वस्तीकडनं गावाकडं. भर दिवसा. म्होरं मी, मागं तू."

तोवर ओढ्यावर सरकारी साकव, पायी जाण्यापुरता पूल, झाला होता. राईतल्या वाटेची आता कुणालाच गरज नव्हती. मी ते बोललो नाही, एवढी बुद्धी झाली.

रविवारी सकाळी वस्तीत गेलो तेव्हा तो कारखान्याचे जाड बूट घालून उभा होता. बरोबर कुणी नाही. मुलांना आणलं नव्हतं. बातमी गावात पोचली होती, कारण काट्यांच्या आतल्या बाजूला माझा चुलतभाऊ आणि तीन-चार जण उभे होते. मित्राने हाताने बोरीची एक फांदी ओढली, बोटाला काटा लागला, रक्त आलं. मी पुढे होऊन उरलेल्या फांद्या बाजूला केल्या. कुणी अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही.

"पायतान तरी काढ," चुलतभाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, विनवणीचा होता.

मित्र थांबला. "माझ्या आयेचे पाय तर भुईला लागलेच नसते. झोळीत व्हती ती. तरी नाय सोडली." आणि तसाच पुढे निघाला.

माझ्या चपला मी काढून हातात घेतल्या होत्या. सवय होती. मग त्या पुन्हा पायात घातल्या. मागे कुणीतरी जोरात श्वास घेतल्याचं ऐकू आलं. आयुष्यभर मी त्या मातीवर अनवाणी वावरलो होतो. त्या दिवशी माझ्या चपलांखाली पाचोळा वाजत होता आणि तो आवाज मला सोसत नव्हता. माणसं आमच्या मागून येत होती, फार जवळ नाही, फार दूरही नाही. त्यांच्यातल्या कुणाचं डोकं फिरलं तर काय होईल, हा विचार मनात येत होता. मित्राने एकदाही मागे पाहिलं नाही. तो झाडं बघत नव्हता. खांद्यावर बांबू असावा तसा, दोन वेलींच्या मधली जागा नजरेने मोजत, कुठे वाकावं लागेल, कुठे दोघं शेजारी चालू शकतील, हे बघत चालला होता. एका ठिकाणी गारंबी आडवी होती. तिथे तो वाकला आणि मागे हात केला, मागच्याला जपून म्हणून सांगतात तसा. मग तो हात त्याने खाली घेतला.

शिळा आली. नवा शेंदूर होता. तो तिच्याकडे न बघता गेला.

आणि मग राई संपली. समोर गावची घरं, त्यांच्या मागे सडक, सडकेवर उभी एसटी. तो उन्हात उभा राहिला, वळून आपण आलो त्या बाजूला पाहिलं. झाडांच्या मधून वस्तीतल्या एका घराचं कौल दिसत होतं. इतक्या वर्षांत त्या बाजूने मी ते कधी पाहिलं नव्हतं, कारण चित्रात नको म्हणून मी नेहमी पाठ करून बसायचो.

"एवढंच?" तो म्हणाला.

मी "हो" म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. "एवढंच व्हतं रं?"

"हो. एवढंच."

मागून आलेली माणसं राईच्या तोंडाशी येऊन थांबली होती. तो त्यांच्याकडे चालत गेला. ती बाजूला झाली. एसटी सुटायची वेळ झाली होती, पण तो सडकेकडे वळला नाही, पुन्हा राईत शिरला, वस्तीच्या दिशेने. मी मागोमाग निघालो तेव्हा त्याने न वळता हात वर करून मला थांबवलं. आता तो सावकाश चालत होता. वेलींच्या आत जाऊन दिसेनासा झाला, तरी बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी बाहेर उभा राहिलो.